शेजारच्या देशात एकरी किती निघतं? भाजीपाल्याच्या आकड्यांची तुलना घरबसल्या कशी करायची

मागच्या पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. बांगलादेश म्हणे भाजीपाल्यात आपल्या पुढे गेला, पाकिस्तानात एकरी ३०० मण बटाटा निघतो, चीनचं तर विचारूच नका, आणि आपण बसलोय मार्केट यार्डात दहा किलोला काय भाव निघाला ते बघत. माझे मामा नारायणगावच्या पुढे टोमॅटो आणि कांदा करतात, त्यांचा लगेच फोन, "अगं तू ऑफिसात दिवसभर आकडेच बघतेस ना, मग हे खरंय का खोटं सांग." मी म्हटलं मामा अर्ध्या तासात सांगते.

अर्ध्या तासात सांगितलंही, आणि तोंडावर पडले. एफएओस्टॅट म्हणजे जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची (एफएओची) आकड्यांची साइट आहे, तिथला जुना डाउनलोड माझ्या लॅपटॉपवर होता, त्यात भारताच्या टोमॅटोसमोर यील्ड, म्हणजे हेक्टरी किती निघालं ते, २ लाख ४० हजारच्या आसपास दिसत होतं. मी ते किलो समजले, हेक्टरचे एकर करायला अडीचने भागलं आणि मामांना ऐकवलं की देशाची सरासरीच एकरी ९५-९७ टन आहे. फोनवर दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "आमच्याकडं मल्चिंग, ड्रिप, बांबू-तार सगळं करून एकरी ३० टन निघाला तरी लोकं प्लॉट बघायला येतात गं." तो आकडा किलोत नव्हताच, हेक्टोग्रॅममध्ये होता, म्हणजे शंभर ग्रॅमचा एक. १० ने भागायचं राहिलं होतं. खरी सरासरी हेक्टरी २४ टन, एकरी १० टनाच्या आत-बाहेर.

तेव्हापासून तीन-चार रविवार घालवून ही तुलना नीट कशी करायची ते शिकले, ते इथे लिहून ठेवतेय. कॉमर्स झालेल्या माणसाला जमेल एवढंच गणित आहे, अडचण गणिताची नाहीचे, अडचण ही आहे की प्रत्येक देश वेगळ्या गोष्टीला भाजी म्हणतो, वेगळ्या महिन्यात वर्ष सुरू करतो आणि वेगळ्या मापाने जमीन मोजतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत आपण तीन शब्द सरमिसळ वापरतो. उत्पादन म्हणजे एकूण माल किती निघाला, टनात. उत्पादकता म्हणजे एका हेक्टरवर किंवा एकरावर किती निघाला, शेतकरी याला उतारा म्हणतात किंवा सरळ ॲव्हरेज म्हणतात, "यंदा ॲव्हरेज बसलं नाही" असं. आणि उत्पन्न म्हणजे खरं तर पैसे, पण बातम्यांमध्ये "एकरी विक्रमी उत्पन्न" असं छापून येतं तेव्हा ते टन आहेत का रुपये हे तिसऱ्या ओळीपर्यंत कळत नाही. फॉरवर्डमध्ये "पुढे गेला" असं लिहिलेलं असलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, पुढे कशात? एकूण मालात बांगलादेश आपल्या पुढे जाणं शक्यच नाही, आपला २०२२-२३ चा भाजीपाला सरकारी हिशोबाने २१ कोटी टनांच्या वर होता. उताऱ्यात जाऊ शकतो, माणशी जाऊ शकतो. तीन वेगळ्या शर्यती आहेत ह्या.

आकडे कुठून घ्यायचे

पहिल्यांदा करताय तर एफएओस्टॅटच घ्या, कारण तिथे सगळे देश एका साच्यात मिळतात. क्रॉप्स अँड लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स नावाचा विभाग उघडायचा, देश निवडायचे, पीक निवडायचं, आणि तीन गोष्टींवर टिक करायची: एरिया हार्वेस्टेड, प्रॉडक्शन, यील्ड. वर्षं किमान पाच-सहा घ्या. सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याची फाइल उतरवली की गूगल शीटमध्ये उघडते, फुकट आहे सगळं, लॉगिन लागत नाही.

उघडल्यावर आधी युनिटचा रकाना बघायचा, मी जे केलं नाही ते. आता यील्ड किलो प्रति हेक्टर असं येतं, पण जुन्या फायली, कुणीतरी आधी उतरवून इकडे तिकडे टाकलेले डेटासेट, यांत हेक्टोग्रॅमच असतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे स्वतःच प्रॉडक्शन भागिले एरिया करायचं, येतील ते टन प्रति हेक्टर, आणि ते यील्डच्या रकान्याशी ताडून बघायचं. यील्ड हजार पट असलं तर किलो, दहा हजार पट असलं तर हेक्टोग्रॅम. मी तर आता यील्डचा रकाना घेतच नाही, भागाकार आपला आपण केलेला बरा.

देश निवडताना चीनपाशी थांबा. यादीत "चायना" आणि "चायना, मेनलँड" असे दोन दिसतात, पहिल्यात तैवान, हाँगकाँग, मकाव धरलेले असतात. दोन्ही टिक केले आणि बेरीज केली की चीन दुप्पट होतो. माझ्या एका कलीगने हे प्रेझेंटेशनमध्ये केलं होतं आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही, इतका चीन मोठा असणार असंच सगळ्यांना वाटलं.

अजून एक रकाना फ्लॅगचा असतो, लोक तो डिलीट करतात, करू नका. ए म्हणजे त्या देशाच्या सरकारने दिलेला आकडा, ई म्हणजे अंदाज, आय म्हणजे मागच्या वर्षांवरून गणिताने भरलेला, एक्स म्हणजे दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून घेतलेला. छोट्या देशांच्या भेंडी-काकडीसमोर ओळीने आय आय आय दिसलं तर त्यावरून "गेली पाच वर्षं उतारा स्थिर आहे" असं म्हणू नका, तो स्थिर आहे कारण तो फॉर्म्युल्याने काढलाय!

नंतर खोलात जायचं असेल तर त्या त्या देशाचे कागद. आपल्याकडे कृषी मंत्रालयाचा फलोत्पादन विभाग पहिला, दुसरा, तिसरा आगाऊ अंदाज आणि मग अंतिम असे आकडे काढतो, तेव्हा एकाच वर्षाचे तीन-चार वेगळे आकडे पेपरात सापडतात आणि सगळे खरे असतात. तुलनेला अंतिमच घ्या. नेपाळचं कृषी मंत्रालय, पाकिस्तानचं अन्नसुरक्षा मंत्रालय, श्रीलंकेचा जनगणना आणि सांख्यिकी विभाग, हे सगळे पिकवार आकडे छापतात. बांगलादेशात मात्र एक गंमत आहे, तिथे सांख्यिकी ब्यूरोचे आकडे वेगळे आणि कृषी विस्तार खात्याचे वेगळे, आणि विस्तार खात्याचे बहुतेक वेळा मोठे असतात. तिथल्याच वर्तमानपत्रांत यावरून रडारड चालते, कांद्याचा कागदावरचा आकडा गरजेपेक्षा जास्त आणि तरी आयात करावी लागते असं कसं म्हणून. म्हणून बांगलादेशचा आकडा दिसला की कुणाचा ते विचारायचं, आणि एक खातं धरलं की शेवटपर्यंत तेच धरायचं.

मापं: बिघा हा शब्द दिसला की सावध

आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात एकर-गुंठा. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, एक एकर म्हणजे ४० गुंठे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मामांसाठी मी एक शॉर्टकट काढला तो सगळ्यात जास्त कामी येतो, टन प्रति हेक्टरला ४ ने गुणलं की एकरी क्विंटल येतात. हेक्टरी २५ टन म्हणजे एकरी १०० क्विंटल. टोमॅटो असेल तर क्विंटलला ५ ने गुणा, २० किलोचे कॅरेट येतील. म्हणजे देशाची सरासरी एकरी ५०० कॅरेट आणि मामांच्या भागातला चांगला प्लॉट १५०० कॅरेट. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बांगलादेशात बिघा म्हणजे ३३ शतक, आणि १०० शतकांचा एकर, म्हणजे साधारण एकराचा तिसरा भाग. नेपाळच्या तराईत बिघा म्हणजे ०.६७७ हेक्टर, जवळजवळ पावणेदोन एकर. एकच शब्द आणि पाच पटींचा फरक. नेपाळच्या डोंगरात परत रोपनी चालते, एक रोपनी ५०९ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे आपले साधारण पाच गुंठे. चीनमध्ये मू, एका हेक्टरात १५ मू. पाकिस्तानात सुदैवाने एकरच आहे, खाली कनाल आणि मरला, पण वजन मणात सांगतात आणि आता तो मण ४० किलोचा.

आता त्या फॉरवर्डमधले ३०० मण काढू. ३०० गुणिले ४०, १२ हजार किलो, एकरी १२ टन, हेक्टरी २९ ते ३० टन. पाकिस्तानची देशाची सरासरी हेक्टरी २५ च्या आसपास आहे, म्हणजे एकरी अडीचशे मण. तर मेसेज खोटा नव्हता, फक्त तो तिथल्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचा आकडा होता आणि समोर आपली सरासरी ठेवली होती. उलट करून बघा, मामांचे १५०० कॅरेट घ्या आणि पाकिस्तानची टोमॅटोची सरासरी घ्या, मग आपण कितीतरी पुढे. असल्या तुलना दोन्ही बाजूंना रोज चालतात.

वर्ष कधी सुरू होतं

एफएओ कॅलेंडर वर्ष लिहितं. आपलं पीकवर्ष जुलै ते जून. कांद्याचं बघितलं तर आपलं २०२१-२२ एफएओमध्ये २०२२ म्हणून बसतं. आपला त्या वर्षीचा आकडा ३१७ लाख टन, एफएओचा २०२२ चा ३.१७ कोटी टन, तेच ते. मी आधी २०२१ शी जुळवत बसले होते आणि ५० लाख टन कांदा गेला कुठे म्हणून डोकं धरलं होतं.

पाकिस्तान आणि बांगलादेश पण जुलै-जूनवाले. नेपाळ विक्रम संवतात लिहितो, २०७९/८० दिसलं तर ५७ वजा करा, २०२२-२३ झालं. श्रीलंकेत वर्ष नाही हंगाम महत्त्वाचा, 'महा' हा मोठा पावसाळी हंगाम सप्टेंबर ते मार्च आणि 'याला' नावाचा दुसरा हंगाम मे ते ऑगस्ट. मोठा कांदा डंबुल्ला-मातले पट्ट्यात मुख्यतः याला हंगामात होतो, छोटा लाल कांदा जाफन्याकडे, आणि एफएओ हे दोन्ही एकाच ओळीत टाकतं कारण त्यांच्याकडे ओळीचं नावच अनियन्स अँड शॅलट्स आहे.

भाजी कशाला म्हणायचं

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, त्यामुळे जरा वेळ घेते.

आपल्या सरकारच्या भाजीपाल्याच्या बेरजेत बटाटा असतो. एफएओच्या भाजीपाल्याच्या बेरजेत नसतो, तो कंदमुळांत जातो. आपला बटाटा साडेपाच कोटी टनांच्या वर आहे, म्हणजे एकाच देशाची भाजी एका कागदावर २१ कोटी आणि दुसऱ्यावर त्यापेक्षा कितीतरी कमी. चीनचं अजून वेगळं, त्यांच्या सरकारी वार्षिकात बटाटा धान्यात धरतात आणि तोही पाच किलोला एक किलो या हिशोबाने. कुणी चीनचा बटाटा त्या पुस्तकातून उचलला तर तो पाचपट बारीक दिसतो.

एफएओच्या ओळींची नावं पण वाचून घ्या. हिरवी मिरची आणि ढोबळी एकाच ओळीत. फ्लॉवर आणि ब्रोकोली एकत्र. भोपळा आणि त्याचे सगळे भाऊबंद एका पोत्यात. सुकी लाल मिरची मात्र वेगळी, मसाल्यात. म्हणून "मिरचीचा उतारा" असं कुणी म्हणालं की कुठली मिरची? पॉलीहाऊसमधली ढोबळी आणि रानातली लवंगी मिरची यांची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

आणि आपल्या मेथी, कोथिंबीर, शेपू, चाकवत, आळू? ते सगळे "अदर व्हेजिटेबल्स" नावाच्या ओळीत कोंबलेले. पुणे मार्केट यार्डात कोथिंबीर शेकड्यावर विकली जाते, शंभर जुड्यांना इतके रुपये, एक जुडी किती किलोची हे पावसाळ्यात वेगळं आणि उन्हाळ्यात वेगळं, तर देशभराच्या पालेभाजीचे टन कसे काढत असतील विचार करा. या ओळीवर कुठलीही तुलना उभी करू नका, कुठल्याच देशाची.

म्हणून माझा नियम असा की "एकूण भाजीपाला" ही तुलना करायचीच नाही. पीक एक घ्यायचं. बटाटा, कांदा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, वांगी यांचे आकडे त्यातल्या त्यात बरे असतात. सुरुवात बटाट्याने करा, एकदाच काढणी होते, वजन करायला सोपा, कोल्ड स्टोरेजमध्ये जातो म्हणून मोजदाद थोडीफार ताडता येते. भेंडी-गवारीची तोडणी दिवसाआड, मोजणार कोण.

क्षेत्राचं पण एक आहे. कोथिंबीर ४०-४५ दिवसांत निघते, एकाच एकरावर वर्षात तीनदा घेतली तर हिशोबात तीन एकर धरतात. एरिया हार्वेस्टेड म्हणजे हे, जमीन किती ते नाही. त्यामुळे उतारा म्हणजे एका पिकाचा उतारा, एका वर्षाचा नाही. बांगलादेशात एका जमिनीवर वर्षात दोन-तीन पिकं घेणं सर्रास आहे, तिथे हा फरक फार मोठा पडतो.

आता बटाट्यावर करून बघू

एफएओचं २०२२ चं वर्ष घेतलं, आकडे गोल केलेत. भारत ५.६ कोटी टन, २२ लाख हेक्टर, म्हणजे हेक्टरी २५ टन. पाकिस्तान ७९ लाख टन, ३.१ लाख हेक्टर, पुन्हा २५. बांगलादेश १ कोटी टन, ४.६ लाख हेक्टर, २२. नेपाळ ३३ लाख टन, २ लाख हेक्टर, साडेसोळा. आणि चीन साडेनऊ कोटी टन, ५७ लाख हेक्टर, साडेसोळा-सतरा. एकरी क्विंटल करायचे तर १००, १००, ८८, ६६, ६७.

चीन नेपाळच्या शेजारी! मामांना सांगितलं तर विश्वास बसेना. "चीनचं तर सगळ्यात जास्त असतं ना?" टोमॅटोत असतं, हेक्टरी ६० टनाच्या घरात, कारण तिथे शानडोंगमधली काचेची-प्लास्टिकची हरितगृहं आहेत आणि शिनजियांगमध्ये सॉससाठी मशीनने काढायचा टोमॅटो आहे, दोन्ही आपल्या रानातल्या टोमॅटोसारखे नाहीत. बटाटा मात्र तिथे इनर मंगोलिया, कान्सू, क्वेइचौ अशा कोरड्या नाहीतर डोंगराळ भागात पावसावर खूप होतो. चीन पुढे का मागे ते पिकागणिक बदलतं.

आता भारत आणि पाकिस्तान दोघंही २५, मग बरोबरी झाली का? इथे मी थांबून विचार केला तेव्हा मला खरी गोष्ट कळली. पाकिस्तानचा जवळजवळ सगळा बटाटा तिथल्या पंजाबात, ओकाडा, साहिवाल, कसूर, पाकपट्टण या कालव्याच्या पट्ट्यात होतो. म्हणजे पाकिस्तानची सरासरी ही एका बागायती पट्ट्याची सरासरी आहे. आपल्या २५ मध्ये गुजरात आहे जिथे ३० च्या वर निघतो, उत्तर प्रदेश आहे, आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातलं सातगाव पठार पण आहे, जिथे खरिपात पावसाच्या भरवशावर बटाटा लावतात, बियाणं आपल्या पंजाबातून ट्रकने येतं आणि पाऊस लांबला तर बियाण्याचे पैसे निघत नाहीत. ओकाड्याची तुलना करायची तर आपल्या पंजाबातल्या जालंधर-होशियारपूरशी करा, मधे फक्त सीमा आहे, माती-पाणी-थंडी तीच. सातगाव पठाराची तुलना करायची तर नेपाळच्या डोंगरी बटाट्याशी करा. देशाला देश लावला की दोन्हीकडचं काहीच कळत नाही, पट्ट्याला पट्टा लावायचा. सीमेच्या दोन्ही बाजूंचे जिल्हे सापडले तर सोन्याहून पिवळं, पश्चिम बंगाल आणि बांगलादेश हे पण असंच जोडपं आहे, आणि तिथे बिघासुद्धा एकच.

बांगलादेशच्या २२ ला पण एक बाजू आहे. तिथे आमन म्हणजे पावसाळी भात निघाल्यावर आणि बोरो म्हणजे हिवाळ्यात लावायचा भात लावायच्या आधी जी फट मिळते त्यात बटाटा बसवतात. समजा ९० दिवस धरले तर हेक्टरी दिवसाला २४४ किलो. आपला ११० दिवस धरला तर २२७. दिवसावर काढलं की क्रम उलटा! मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले बरोबरे, रान मोकळं कधी होतंय याला पण किंमत असतेच ना. दिवस तुम्ही तुमच्या भागातले घ्या, मी घेतलेले ढोबळ आहेत.

माणशी काढायचं असेल तर उत्पादन भागिले लोकसंख्या. भारत ४० किलो, बांगलादेश १७ कोटी लोक धरून ६० किलो, नेपाळ ११० किलोच्या वर. सगळ्यात कमी उताऱ्याचा नेपाळ इथे पहिला आला, कारण डोंगरात बटाटा हे जेवणच आहे, भाजी नाही. यातले सगळे किलो पोटात जातात असं नाही हं, बियाणं, सड, निर्यात यातच आलं.

कांद्याला अजून दोन गोष्टी लागतात

कांद्याचा आकडा काढणीच्या वेळचा असतो. आपला उन्हाळ कांदा चाळीत जातो आणि ऑक्टोबरपर्यंत त्यातला पाव हिस्सा तरी सडून, कोंब फुटून, वजन घटून जातो, तो कुणी वजा करत नाही. बांगलादेशातही तीच कथा. तिथे दोन प्रकार, मुडीकाटा म्हणजे छोट्या कांद्यापासून लावलेला, डिसेंबर-जानेवारीत लवकर निघतो, टिकत नाही, आणि हाली म्हणजे रोपाचा, मार्च-एप्रिलला निघतो, तो साठवतात. आपल्याकडे खरीप, रांगडा, उन्हाळ. मुडीकाट्याची तुलना आपल्या खरिपाशी आणि हालीची उन्हाळशी केली तर काहीतरी अर्थ निघेल. देशाची सरासरी हेक्टरी १६ टन म्हणजे एकरी ६५ क्विंटल ऐकून आमच्याकडचे लोक हसतात, "दीडशेच्या खाली कोण काढतंय?" काढतात हो, खरिपाच्या कांद्यात, पावसात सापडलेल्या कांद्यात, कोरडवाहू तालुक्यात.

दुसरं म्हणजे धोरण. भारताने सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी केली, शेवटची मे २०२४ पर्यंत चालली. प्रत्येक वेळी ढाक्यात भाव भडकला आणि तिथलं सरकार कांद्याचं क्षेत्र वाढवायच्या मागे लागलं. म्हणून बांगलादेशची वाढ दिसली की ती उताऱ्यातली आहे का क्षेत्रातली हे वेगळं करून बघा, दोन रकाने शेजारी ठेवले की दिसतंच. वांग्यात पण धोरण आडवं येतं, बीटी वांग्याला, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुक बदललेल्या वांग्याला, आपल्याकडे फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली आणि बांगलादेशने २०१३ मध्ये परवानगी दिली, तेव्हा २०१४ नंतरचं वांगं तुलनेला घेताना हे शेजारी लिहून ठेवायचं.

एका वर्षावर निकाल लावू नका

२०२१ ला श्रीलंकेने रासायनिक खतांवर बंदी घातली, एप्रिलमध्ये जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, पण महा हंगाम गेलाच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सिंधमध्ये महापूर, कांदा-टोमॅटो पाण्याखाली. आपला कांदा २०२२-२३ ला ३०२ लाख टन आणि पुढच्याच वर्षी २४२ लाख. यातलं एखादं वर्ष पकडून हवं ते सिद्ध करता येतं. तीन वर्षांची, जमलं तर पाच वर्षांची सरासरी काढा, आणि असं वर्ष मधे आलं तर ते वगळून एकदा आणि धरून एकदा, दोन्ही लिहा.

सरासरी काढताना उताऱ्यांची सरासरी काढायची नाही, ही चूक एमबीए झालेले लोक पण करतात. मामांचं एक एकर १५० क्विंटल आणि बाकी चार एकर ८० क्विंटलने निघालं तर सरासरी ११५ नाही. १५० अधिक ३२०, भागिले ५, म्हणजे ९४. वर्षांचंही तसंच, सगळ्या वर्षांचं उत्पादन एकत्र, सगळ्या वर्षांचं क्षेत्र एकत्र, मग एकदाच भागाकार.

आणि आकड्याला बाजाराशी ताडून बघायची सवय लावा. ऑगस्ट २०२३ ला आपण नेपाळमधून टोमॅटो आणला, आठवत असेल, जुलैत नारायणगावला कॅरेटचे भाव ऐकून लोक वेडे झाले होते. नेपाळचा एकूण टोमॅटो आपल्यासमोर काहीच नाही, मग आला कुठून? काठमांडूच्या आसपासच्या डोंगरांत प्लास्टिकच्या टनेलखाली पावसाळ्यात टोमॅटो निघतो, आपल्या मैदानात तेव्हा तुटवडा असतो. वर्षाच्या बेरजेत हे दिसतच नाही, महिन्याच्या भावात दिसतं. काठमांडूच्या कालीमाटी बाजाराचे रोजचे भाव नेपाळीत येतात आणि लिपी आपलीच, त्यामुळे थोडे शब्द कळले की वाचता येतात: गोलभेंडा म्हणजे टोमॅटो, काउली म्हणजे फ्लॉवर, बन्दा म्हणजे कोबी, भन्टा म्हणजे वांगं. आपल्याकडचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या साइटवर मिळतात, दोन्ही एका शीटमध्ये महिन्यावार लावले की कुणाचा माल कधी येतो ते चटकन कळतं. नेपाळी रुपया तेवढा बदलून घ्या, आपल्या १०० ला त्यांचे १६०.

शेवटी एक कामाचं. एफएओ नवीन वर्ष टाकताना मागच्या वर्षांचे आकडेही दुरुस्त करतं, त्यामुळे आज काढलेला आकडा पुढच्या वर्षी तुम्हालाच सापडणार नाही आणि ग्रुपवर कुणीतरी तुम्हाला खोटं पाडेल. फाइलच्या नावातच उतरवल्याची तारीख टाका, आणि प्रत्येक आकड्यापुढे पीक, वर्ष, खातं आणि युनिट एवढं लिहा. मामा आता मला "बटाटा, २०२२, एफएओ, टन-हेक्टर" असं विचारूनच पुढचं ऐकतात, आणि त्यानंतर म्हणतात, "बरं, आता कॅरेटमध्ये सांग."